बॅटरी ही टाकी आहे, विहीर नाही: कॅराव्हॅनच्या धंद्यात उतरण्याआधी



कॅराव्हॅन भाड्यानं देण्याचा धंदा सुरू करायचाय असं सांगत जे दुकानात येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "ताई, किती एएचची बॅटरी टाकू?" गाडी अजून घेतलेली नसते, कर्जाची फाइल बँकेत पडून असते, आतला पलंग कुठल्या बाजूला येणार हेही ठरलेलं नसतं. पण बॅटरीचा आकडा मात्र आत्ताच हवा असतो. आणि तो सांगणाऱ्यांची कमी नाही. गॅरेजवाला सांगतो, बॉडी बांधणारा सांगतो, मित्राचा मित्र सांगतो. "दोनशेची टाक, दोन केव्हीएचा इन्व्हर्टर टाक, एसीसकट सगळं चालतंय."

माझं साताऱ्यात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. बॅटरी विकून माझं घर चालतं. तरी माझं मत स्पष्ट आहे: कॅराव्हॅनमध्ये बॅटरी ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. त्याआधी दोन गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. एक, दिवसाला वीज किती लागणार. दोन, ती रोज परत भरणार कुठून. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, आणि तोच कोणी विचारत नाही.

व्हिडिओमध्ये आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडते. वही-पेन घेऊन बसा.

आधी वही, मग दुकान

घराचं लाइटबिल युनिटमध्ये येतं. १ युनिट म्हणजे १००० वॅट-तास. १०० वॅटची वस्तू १० तास चालली की १ युनिट. कॅराव्हॅनचा हिशेबही युनिटमध्येच करा, एएचमध्ये नको. एएच हा बॅटरीचा आकडा आहे, तुमच्या गरजेचा नाही. बॅटरीत किती युनिट आहेत ते काढायचं तर व्होल्टला एएचनं गुणा. १२ व्होल्टची १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, १.८ युनिट. हा झाला डब्यावरचा आकडा. त्यातलं हाताला किती लागतं ते पुढे बघू.

आता चार माणसं झोपतील अशी एक साधी गाडी धरू, १२ व्होल्टच्या टेम्पो ट्रॅव्हलरसारखी. आत १२ व्होल्टवर चालणारा ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आहे. चालू असताना तो ५० वॅटच्या आसपास ओढतो, पण सतत चालत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास. वीस-वीस वॅटचे दोन पंखे, रात्रभर आणि दुपारी थोडा वेळ मिळून १० तास: ४००. एलईडी दिवे सगळे मिळून ३० वॅट, पाच तास: १५०. पाण्याचा पंप दिवसभरात जेमतेम अर्धा तास: ३०. चार मोबाइल: ८०. कोणीतरी सुट्टीतही लॅपटॉप उघडणारच, ६० वॅट, तीन तास: १८०. चटणीसाठी मिक्सर पाच-सहा मिनिटं: ५०.

बेरीज १४९० आली. इथे बहुतेक जण थांबतात. पण इन्व्हर्टर स्वतःही खातो. त्यावर काहीही लावलेलं नसलं तरी नुसता चालू राहिला की १५ वॅट सहज जातात. चोवीस तासांचे झाले ३६०. म्हणजे दोन पंख्यांच्या पूर्ण दिवसाएवढी वीज नुसती बटण चालू राहिलं म्हणून गेली. म्हणून फ्रिज, पंखे, दिवे, पंप हे सगळं थेट १२ व्होल्टवर चालवा आणि इन्व्हर्टर फक्त लॅपटॉप-मिक्सरपुरता सुरू करा. सहा तास धरले तर ९० वॅट-तास, वर इन्व्हर्टरमधली दहा-पंधरा टक्के घट. सगळं मिळून दिवसाला १.६ युनिट.

हा आकडा तुमच्या गाडीला जसाच्या तसा लागू होणार नाही. तुमची वस्तू वेगळी, तास वेगळे. पण पद्धत हीच. आणि ही वही तुम्ही स्वतः लिहायची. विकणाऱ्यानं लिहून दिलेली वही त्याच्या गोदामातल्या मालाएवढी निघते. मी स्वतः विकणारी आहे, मला विचारा.

भरणार कुठून?

गावाकडे टाकी बांधताना कोणी आधी टाकीचा आकार ठरवत नाही. विहिरीला पाणी किती, मोटर किती वेळ चालते, लाइट किती तास असते, ते बघून टाकी ठरते. बॅटरी ही टाकी आहे. टाकी कितीही मोठी बांधली तरी त्यातून पाणी उगवत नाही.

कॅराव्हॅनला वीज भरायच्या वाटा तीन. चालत्या गाडीचा अल्टरनेटर, छतावरचं सोलर, आणि मुक्कामाच्या ठिकाणचा २३० व्होल्टचा प्लग.

अल्टरनेटरपासून सुरुवात करू, कारण भाड्याच्या गाडीसाठी तीच सगळ्यात भरवशाची वाट. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर नावाचं यंत्र बसतं. ते ३० अँपिअरचं घेतलं तर तासाला साधारण ४०० वॅट-तास भरतं. पुण्याहून गणपतीपुळ्याला जायला सात-आठ तास लागतात. तेवढ्यात पावणेतीन-तीन युनिट आत, म्हणजे आपली वरची गाडी भरून पोचली. पण पाचगणीला तीन तासात पोचणाऱ्या पाहुण्याची बॅटरी १.२ युनिटच भरते, आणि मग तो दोन दिवस गाडी जागेवरून हलवत नाही. तुमचं गिऱ्हाईक कुठे जाणारं आहे, त्यावर तुमची सिस्टिम ठरते. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

हा डीसी-टू-डीसी चार्जर वाचवून साधा रिले लावून देणारे मेकॅनिक आहेत. जुन्या गाडीत, लेड-ॲसिड बॅटरीला, ते चालून जायचं. लिथियम बॅटरी मात्र मिळेल तेवढा करंट ओढते, त्यात अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय बऱ्याच नव्या बीएस-६ गाड्यांत डिझेल वाचवायला अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, त्यामुळे नुसत्या रिलेवर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. इथे पैसे वाचवू नका. आणि गाडीच्या मूळ बॅटरीवरून वायर घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, वॉरंटीवर काय परिणाम होतो ते लेखी घ्या.

सोलरबद्दल लोकांच्या मनात फार गोडवा आहे. छतावर ४०० वॅटची पॅनल आडवी बसवली तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी १.३ ते १.६ युनिट मिळतात. ऐकायला झकास, आपली दिवसाची गरज जवळपास भागली! पण पाहुणा गाडी उन्हात उभी करणार आहे का? तो कोकणात समुद्राकाठी सुरूच्या बनात लावेल, देशावर आंब्याखाली लावेल. त्याला सावली हवी, पॅनलला ऊन हवं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज बरीच पडते. पावसाळ्यातल्या कोकणाचं तर बोलूच नका. म्हणून माझं मत: सोलर लावा, एमपीपीटी कंट्रोलरसह लावा, पण हिशेबात त्याला बोनस धरा, पगार नको.

तिसरी वाट प्लगची. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. पण त्यावर विसंबून बसायची गरज नाही. तुमच्या मार्गावरचे पाच-सहा घरगुती मुक्कामवाले, कृषी पर्यटन केंद्रवाले गाठा. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा: गाडी आवारात लावू, १६ अँपिअरचा एक चांगला प्लग द्या, रात्रीचे एवढे पैसे घ्या. २० अँपिअरचा चार्जर रात्रभरात, दहा तासात, २०० एएचची लिथियम बॅटरी रिकामी असली तरी भरून देतो. या पाच-सहा माणसांच्या ओळखी दुसऱ्या बॅटरीपेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत, आणि फुकट आहेत. फक्त चार्जर घेताना तो कमी व्होल्टेजला चालतो का ते विचारा. संध्याकाळी खेड्यात २३० च्या जागी १७०-१८० मिळणं नवं नाही.

आता एसीचं. छतावर बसणारा कॅराव्हॅनचा एसी १०००-१२०० वॅटच्या घरातला धरा. मध्ये मध्ये बंद होतो म्हणून सरासरी ७०० धरू. रात्रीचे आठ तास: ५.६ युनिट, इन्व्हर्टरची घट धरून ६.३. लिथियमची जवळपास ६०० एएच लागते, नुसत्या एका रात्रीच्या एसीला. बरं, कर्ज काढून तेवढी बॅटरी घेतलीही. भरणार कुठून? आपल्या ३० अँपिअरच्या चार्जरवर सोळा तास गाडी चालवावी लागेल. ४०० वॅटच्या सोलरवर चार-पाच दिवस. म्हणजे पहिल्या रात्री एसी, दुसऱ्या रात्री घाम.

म्हणून जाहिरातीत "बॅटरीवर रात्रभर एसी" असं लिहूच नका. "प्लग असलेल्या मुक्कामी एसी, बाकी ठिकाणी पंखे" असं सरळ लिहा. असं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल, ही भीती मला ठाऊक आहे. काही पळतील. पण रात्री दोन वाजता, दोन लहान मुलं आत झोपलेली असताना ज्याचा एसी बंद पडला, तो माणूस भाडं परत मागतोच आणि वर दहा जणांना सांगतो. नव्या धंद्याला असा एक माणूस पुरतो.

जनरेटर हा त्यावरचा उपाय काही जण सुचवतात. पेट्रोलचा छोटा जनरेटर एसी ओढतो हे खरं. पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो झोपेतच संपवतो. अनोळखी पाहुण्याच्या हातात, रात्री, खिडकीजवळ तो देणं मला पटत नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी स्पष्ट नाही म्हणते.

लेड की लिथियम

आता बॅटरी. इथे माझ्याच धंद्यातल्या एका युक्तिवादाविरुद्ध बोलते. लिथियम विकताना सगळे सायकल सांगतात. "साधी बॅटरी काहीशे सायकल, ही तीन हजार सायकल!" आकडा खोटा नाही. चांगली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजारोंनी सायकल देते. पण तुमची गाडी वर्षाला किती रात्री भाड्यानं जाणार? सुरुवातीला १०० रात्री गेली तरी देव पावला. तीन हजार सायकल म्हणजे तीस वर्षं! तेवढ्यात गाडी भंगारात गेलेली असेल. सायकलसाठी लिथियम घेऊ नका.

तरीही भाड्याच्या कॅराव्हॅनला मी लिथियमच सुचवते, ती दुसऱ्या कारणांसाठी. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. म्हणजे १.६ युनिट वापरायचे तर ३.२ युनिटची बॅटरी हवी: १५० एएचच्या दोन ट्युब्युलर. एकेक ५० ते ६० किलोची. लिथियमची १२.८ व्होल्ट २०० एएच घेतली तर त्यात २.५ युनिट असतात, त्यातले दोनाच्या वर बिनधास्त वापरता येतात, आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास. फरक ऐंशी-नव्वद किलोचा. पाण्याची टाकी, पलंग, चार माणसं, सामान असं सगळं घेऊन आंबेनळी घाट चढणाऱ्या गाडीत हा फरक कळतो, ब्रेकला तर आणखी कळतो.

दुसरं कारण भरण्याच्या वेगाचं. लेड बॅटरी शेवटचे वीस टक्के भरायला तासन् तास घेते, गाडी किती का चालेना. तीन तासांच्या प्रवासात ती पूर्ण भरतच नाही, आणि अर्धवट भरलेली राहिली की आतून खराब होत जाते. लिथियम जवळपास शेवटपर्यंत एकाच वेगानं भरते. पाहुण्यांना थोडा थोडा प्रवास करायचा असतो, त्याला हीच बरी. तिसरं, लेड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला पाणी घालावं लागतं, घाटात ॲसिड हिंदकळतं. माणसं झोपतात त्या डब्यात मला ते नको.

मात्र कोणाची चहा-नाश्त्याची गाडी असेल, दिवे आणि एखादा पंखा एवढाच लोड, रात्री गाडी घरी येऊन प्लगला लागते, तर खुशाल लेड-ॲसिड घ्या. स्वस्त पडते, गावोगावी मिळते, आणि जुनी झाली की दुकानदार वजनावर पैसे देऊन परत घेतो. लिथियमला असा परतीचा भाव मिळणं अवघड. तुमच्या भागातले दोन्हीचे भाव विचारा आणि आठवड्याला किती दिवस वापर आहे ते बघून ठरवा.

लिथियम म्हटलं की आणखी एक खबरदारी. "लिथियम" हे आडनाव आहे, नाव विचारा. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या. जुन्या ई-स्कूटरच्या पॅकमधून काढलेले सेल जोडून स्वस्तात बॅटरी बनवून देणारे लोक आहेत. ते सेल अनेकदा दुसऱ्या रसायनाचे असतात, लवकर तापतात आणि एकदा पेटले की विझत नाहीत. एलएफपी त्या मानानं शांत असते. तिलाही आग लागतच नाही असं नाही.

आणि बीएमएस. बॅटरीच्या आत बसलेला हा रखवालदार किती अँपिअर सतत सोसतो ते बिलावर लिहून घ्या. हिशेब बघा: १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १२ व्होल्टमधून ९५ अँपिअरच्या आसपास ओढतो. फ्रिज, पंखे, दिवे मिळून आणखी दहा. झाले १०५. बीएमएस १०० चा असेल तर मिक्सर लावल्यावर अख्खी गाडी अंधारात. २०० एएचच्या बॅटरीला किमान १५० चा बीएमएस मागा. यावर "काही होत नाही ओ" असं उत्तर मिळालं तर दुकान बदला.

गाडी बसच्या सांगाड्यावर असेल तर ती २४ व्होल्टची असते. तिथे दोन बॅटरींपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून टेप आणि दिवे लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यात एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त भरते, आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा.

बसवण्याच्या कामात लोक सगळ्यात जास्त काटकसर करतात, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न नेमका तिथे आहे. घरात २३० व्होल्टवर १००० वॅट म्हणजे साडेचार अँपिअरही नाहीत. तेच १२ व्होल्टवर ९५. घरची वायरिंग करणाऱ्या वायरमनला हे अंगवळणी नसतं, तो हातात असलेली वायर ओढतो, ती तापते, प्लायवूडच्या मागे तापते आणि कोणाला दिसत नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची मऊ केबल, तीही जितकी आखूड तितकी चांगली. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, या हिशेबाला १५० अँपिअरचा. लिथियमला क्लास-टी प्रकारचा घ्या, कारण शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो अँपिअर फेकते आणि साधा फ्यूज वितळूनही आतल्या आत ठिणगीनं चालू राहू शकतो. घरातली एसी लाइनची एमसीबी इथे लावायची नाही, डीसीची ठिणगी तिला तोडता येत नाही.

थिंबल हायड्रॉलिक मशीननं दाबलेली हवी, हातोडीनं ठोकलेली नको. पत्र्याच्या भोकातून केबल जाते तिथे रबरी बुश हवा, नाहीतर कोकणच्या रस्त्यांवर दोन महिन्यात पत्रा केबलचं कव्हर कापतो. बॅटरी पट्ट्यानं आणि बोल्टनं चेसिसला पक्की धरलेली हवी. घरच्या इन्व्हर्टरची ट्रॉली गाडीत ठेवून मागून दोरी बांधलेल्या गाड्या मी रस्त्यावर बघते. समोरून म्हैस आली आणि कचकन ब्रेक लागला, तर ती साठ किलोची बॅटरी कुठे जाईल? पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळा. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आणि गाडीच्या सांगाड्याला अर्थिंग, हे दोन्ही असल्याशिवाय प्लग लावायचा नाही. ओल्या पायानं लोखंडी पायरीवर उभा राहणारा माणूस तुमचा पाहुणा आहे.

जागेचंही बघा. सायलेन्सरच्या वर, इंजिनाला लागून, किंवा हवा न खेळणाऱ्या पेटीत बॅटरी नको. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. फार तापली की बीएमएस चार्जिंग थांबवतो. तुमची गाडी कोणी लडाख-स्पितीला नेणार असेल तर उलटं: शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नाही, तिथे हीटर असलेली बॅटरी लागते.

आता पाहुणे. तुम्ही कितीही समजावलं तरी कोणीतरी बॅगेतून १५०० वॅटची किटली काढणार, कोणी हेअर ड्रायर, कोणी इंडक्शन. म्हणून दोन केव्हीएच्या इन्व्हर्टरच्या मी विरोधात आहे. हजार वॅटचा प्युअर साइन वेव्ह बसवा. त्यावर मिक्सर आणि लॅपटॉप चालतात, किटली लावली की इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो आणि बॅटरी वाचते. मोठा इन्व्हर्टर बसवला तर तो सगळं चालवून दाखवेल, १५०० वॅटच्या इंडक्शनवर अर्ध्या तासात पाऊण युनिट घालवेल, आणि पहाटे पंखा बंद पडल्यावर फोन तुम्हालाच येईल. स्वयंपाकासाठी गाडीबाहेर मांडायची शेगडी आणि एक मोठा थर्मास द्या. सकाळचा चहा बाहेर बसून प्यायलाच तर माणसं कॅराव्हॅन घेतात.

शंटवाला बॅटरी मॉनिटर मात्र विसरू नका. लिथियमचं व्होल्टेज जवळपास रिकामी होईपर्यंत एकसारखंच दिसतं, त्यामुळे साधा व्होल्टमीटर काही सांगत नाही. शंट आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजतो आणि टक्के दाखवतो, मोबाइलवर बॅटरीचे टक्के दिसतात तसे. ते टक्के सगळ्यांना वाचता येतात. "तीसच्या खाली आलं की फोन करा" एवढं सांगितलं तरी पुरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. बॉडी बांधणाऱ्याला पहिल्याच भेटीत या दोन गोष्टी विचारा, आणि विमा कंपनीला बॅटरी-सोलरचा बदल लेखी कळवा. पांढऱ्या पाटीची घरची गाडी भाड्यानं देता येत नाही, हे तर तुम्हाला माहीत असेलच. परवान्याचं सगळं आरटीओत जाऊन समोरासमोर विचारून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार, आणि बहुतेक बॅटऱ्या रस्त्यावर नाही तर याच चार महिन्यांत दारात मरतात. लिथियम असेल तर पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, इन्व्हर्टरसकट सगळं बंद करा आणि मेन स्विचनं बॅटरी वेगळी करा, कारण जीपीएस ट्रॅकरसारखी छोटी वस्तूही चार महिन्यांत ती तळाला नेते. लेड असेल तर उलटं, पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला एकदा चार्ज करा. गणपती झाले की गाडी बाहेर काढा, नट आवळा, आणि घरच्यांना घेऊन दोन रात्री तिच्यात झोपा, प्लग न लावता. रात्री दहाचे आणि पहाटे सहाचे टक्के वहीत लिहून ठेवा. ते झाल्यावरच दिवाळीची बुकिंगं घ्या.